१४ महिने झाले तरी व्हाइट बेल्टच? तो परीक्षेवाला ब्लू घेऊ नका

ब्राझिलियन जिउ-जित्सूवरची (जमिनीवर पकडी आणि लॉक लावून खेळायची मार्शल आर्ट) तुमची पोस्ट वाचताना काही वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. तुमचे साताऱ्याहून शनिवार-रविवार पुण्याला क्लाससाठी हेलपाटे, १४ महिन्यांत बेल्टवर दोनच स्ट्राइप (प्रगतीच्या पट्ट्या), आणि आता गावातलेच एक क्लासवाले म्हणतात की सहा महिन्यांत परीक्षा घेऊन ब्लू बेल्ट देतो. घ्यावा का, असं विचारलंय. नका घेऊ. मी सांगलीत अगदी असाच ब्लू घेतला होता. क्लासचं नाव लिहीत नाही, तो अजून चालू आहे आणि मला भांडण नकोय.

आधीच सांगतो, मी प्रशिक्षक नाही. दुकान सांभाळून खेळणारा माणूस आहे आणि अजून ब्लूच आहे, त्यामुळे वजन तेवढंच द्या.

रंगांचा क्रम तुम्हाला माहीतच आहे: व्हाइट, ब्लू, पर्पल, ब्राउन, ब्लॅक. मुदतीचं म्हणाल तर आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात व्हाइटवर किती दिवस राहायचं याला किमान मर्यादाच नाही. ब्लू १६ वर्षं वयापासून. मग ब्लूवर किमान २ वर्षं, पर्पलवर दीड, ब्राउनवर १, आणि ब्लॅकला वय निदान १९. बेरीज साडेचार वर्षं होते, पण ती कागदावर. नोकरी-धंदा करून खेळणाऱ्याला ब्लॅकपर्यंत दहाएक वर्षं सहज जातात. कुणीतरी बी. जे. पेन या अमेरिकन खेळाडूचं नाव पुढे करेलच, साडेतीन वर्षांच्या आत ब्लॅक झाला आणि २००० साली ब्लॅक बेल्टात वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकणारा ब्राझीलबाहेरचा पहिला खेळाडू ठरला म्हणून. त्याचं सोडा. तुमचे १४ महिने म्हणजे साठ आठवडे, दोन दिवस धरले तर १२० दिवस. त्यातनं लग्नसराई, आजारपण, खंबाटकीत अडकलेले शनिवार वजा करा. ८०-९० वेळा मॅटवर उतरलात. त्यात दोन स्ट्राइप म्हणजे तुमच्या सरांनी हात आखडलेला नाही.

आता माझं. तिथं आठ महिन्यांत परीक्षा झाली. सर मूळचे कराटेचे. साडेतीन हजार फी, त्यात बेल्ट, सर्टिफिकेट आणि फोटो. एक गडी समोर गुपचूप पडून राहिला, मी त्याच्यावर वीस टेक्निक करून दाखवली, टाळ्या पडल्या. जिवंत माणसाशी रोलिंग (मोकळी झुंज) महिन्यातनं एखाद्या वेळी. सरांचा दोष निम्माच, कराटेत तशी परीक्षेची पद्धत असते. जिउ-जित्सूत तुम्हाला रोज अंगावर घेणारा प्रशिक्षकच बेल्ट ठरवतो, हे मला कळायला हवं होतं.

पण साडेतीन हजार गेले याचं दुःख नाही. खरी चूक पुढची. पुण्यातल्या एका अकॅडमीत गेलो तेव्हा तो ब्लू बांधूनच गेलो. तिथल्या सरांनी फक्त विचारलं, "कुणी दिला?" मी नाव सांगितलं, ते "बरं" म्हणाले आणि वॉर्मअप सुरू केला. मला वाटलं, चाललं!

तिसऱ्या की चौथ्या रविवारी एका कॉलेजच्या पोरानं मला आर्मबारमध्ये (कोपर उलटं ताणायचा लॉक) धरलं. व्हाइट बेल्ट, वजन माझ्यापेक्षा १५ किलोनं कमी. हात सरळ झाला होता, टॅप करायची (थाप मारून हार मानायची) वेळ होती, त्याचे पायही अगदी घट्ट बसलेले. पण माझी नजर त्याच्या पांढऱ्या बेल्टवर. ह्याला टॅप कसा देऊ? दोन सेकंद ओढून धरलं आणि कोपरातनं हळदीचं कांडं मोडल्यासारखा आवाज आला. पोरगं बिचारं माझ्याआधी ओरडलं. पाच महिने मॅट बंद. डाव्या हातानं गाडीचा क्लच दाबता येईना, बायको स्कूटीवरनं दुकानात सोडायची आणि गिऱ्हाईकं विचारायची, "कुस्ती खेळता काय मालक?" परत गेलो ते व्हाइट बांधून, आताचा ब्लू त्यानंतरचा. सर काही बोलले नाहीत, मीही नाही.

तुम्ही लिहिलंय की तालमीतली पोरं तुम्हाला सहज खाली घेतात, म्हणून बेल्ट मिळत नसेल. तसं नसतं. आपल्या भागात, खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरापासून इकडं वारणाकाठापर्यंत, पोरांच्या अंगात एकच भिनलंय की पाठ टेकली की चितपट. जिउ-जित्सूत पाठीवर पडून गार्ड (पायांनी समोरच्याला अडवणं) खेळायचा असतो, ते त्यांना वर्षभर जमत नाही. खाली पडल्यावर त्यांच्याशी खेळून बघा. आणि कुस्तीत कुठं बेल्ट असतो? यात्रेच्या मैदानात जोड लावणारे पंच गड्याकडं बघून आणि मागच्या कुस्त्या आठवून जोड लावतात.

त्या क्लासच्या सरांना एवढंच विचारा: तुमचा बेल्ट कुणी बांधला, त्यांचा कुणी, आणि आठवड्यात रोलिंग किती वेळ? नावं पटापट आली आणि खरी निघाली तर जरूर जा, साताऱ्यात क्लास असणं चांगलंच. पण परीक्षेच्या फीपासून बोलणं सुरू झालं तर चहा पिऊन घरी या. धाकट्या भावाच्या सरकारी भरतीसाठी सर्टिफिकेट चालेल का, असंही विचारलंय. क्रीडा आरक्षण ५ टक्के आहे खरं, पण ते स्पर्धेतल्या कामगिरीवर. बेल्टच्या कागदाचा तिथं उपयोग नाही.

जाता जाता, पावसाळ्यात साताऱ्यात गी (खेळायचा जाड पोशाख) दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून दुसरी घ्याच, पातळ विणीची. आणि बेल्ट धुतला की त्यातली मेहनत वाहून जाते म्हणतात, ते ऐकू नका. मी ऐकलं होतं. कंबरेला गजकर्ण झालं, त्याचं मलम अजून कपाटात आहे.