जुन्या वाड्याची ओळख परत आणायला वास्तुकला काय करू शकते?

गोव्यात म्हापशाजवळचा तुमचा वाडा, म्हणजे गावातली घरांची वस्ती, ओस पडत चाललाय, पंचायत तिथे स्वागत-कमान उभारून भिंतींवर चित्रं काढणार आहे, त्याने फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पडणार. ते पैसे गिलाव्यावर घाला.

जुनी घरं जांभ्या चिऱ्याची. चिरा ओल शोषतो, जोत्यातून ती वर चढते आणि पाऊस सरला की भिंतीच्या तोंडाने उडून जाते. वर सिमेंट थापलं की ती वाटच बंद. क्षार गिलाव्यामागे साठतात, फुगे येतात आणि पोपडा ओढला की चिऱ्याचा भुगा हातात येतो. मग मालक म्हणतो, घर म्हातारं झालं, पाडूया. वाडा असा एकेका घराने संपतो.

‘चुना टिकत नाही’ म्हणणाऱ्या इंजिनियरांशी माझं जुनं भांडण आहे. त्यांनी जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस बघावं. 1605 मध्ये अभिषेक झालेल्या त्या चर्चच्या बाहेरच्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात तो उतरवला आणि तेव्हापासून उघडा चिरा पावसाने झिजतोय. म्हणून ‘दगडी लूक’साठी चिरा उघडा ठेवायची हौसही नको.

पाऊस गेला की सिमेंट छिन्नीने उतरवा. ब्रेकर लावलात तर चिरे हलतात. भिंत दोन-तीन महिने उघडी सुकू द्या. तोवर कळीचा चुना विरवून पाण्याखाली मुरत ठेवा; तीन आठवडे तरी हवेतच, जास्त झाले तर उत्तम. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ भिंतीत जातं. तळाच्या मीटरभर पट्ट्यात एक चुना, एक सुर्खी (विटांची भुकटी), दोन वाळू. हात 10-12 मिमीचा, दोनदा, आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली. उन्हात भरभर सुकला तर तो पिठासारखा झडतो, आणि दोष चुन्यावर येतो. वर चुन्याचेच चार-पाच पातळ हात, रंगासाठी पिवडी, काव किंवा नीळ घालून. प्लॅस्टिक पेंट लावलात तर केलेलं सगळं पाण्यात. गवंड्याचा चुन्यावर हात बसलाय का, ते आधी मागच्या भिंतीवर बघा.

गिलाव्याइतकाच रस्ता महत्त्वाचा. जुना थर न खरवडता दरवेळी नवं डांबर ओततात, रस्ता चढतो, जोतं बुडतं आणि पागोळीचं पाणी उलट घरात येतं. पंचायतीकडे मागायचंच असेल तर आधी खरवडणं आणि उघडं गटार मागा. बाल्कांवाचे, म्हणजे दारापुढच्या छपरी ओट्याचे, सोपे (बसायचे कट्टे) रस्त्याकडे तोंड करून बांधलेत ते येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला. त्यांच्यापुढे पुरुषभर कुंपण घातलं की संध्याकाळी रस्त्यावर बोलणारं कोणी उरत नाही. कुंपण कंबरेइतकं, फार तर 90 सेंमी ठेवा.

हे सगळं चिऱ्याच्या घरांसाठी. आरसीसीच्या (सळई-काँक्रीटच्या) घरांना सिमेंट चालतं. आणि दहा वारसांच्या सह्या अडकलेल्या कुलूपबंद घराला कुठलाच आर्किटेक्ट सोडवू शकत नाही. तिथे भागीदारांपैकी एकाला तरी गाठा आणि दर मे महिन्यात शाकारणी करून फुटकी कौलं बदलून घ्या. वासे कुजले नाहीत तर भिंती वाटणीपर्यंत तग धरतात.