सात वर्षांच्या मुलीसोबत नाशिककडे कॅम्पिंगला चाललोय. तिला रत्नं शोधायची आहेत, काही मिळेल का?

माणिक-पाचू नाही, पण अकीक (उजेड थोडा आरपार जाणारा, टणक रंगीत दगड) आणि स्फटिक मिळू शकतात. इथल्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत सिलिका (अकीक आणि गारगोटी याचीच बनतात) आणि झिओलाइट ही खनिजं साचली. लाव्हाचा काळा कातळ झिजतो, टणक अकीक उरतो. म्हणून हातोडी घरीच ठेवा, नदीकाठचे गोटे चाळा. दगड ओला करून उन्हासमोर धरायचा. कडेतून उजेड झिरपला तर बहुधा अकीकच. पांढऱ्या स्फटिकावर चाकूचा ओरखडा उठला तर तो गारगोटी नव्हे, कॅल्साइट किंवा झिओलाइटसारखं मऊ खनिज असेल. (चाकू तुमच्याच हातात!) दगडखाणीत अजिबात शिरू नका, अभयारण्यातून काही उचलू नका. आणि हाती काहीच लागलं नाही, तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहेच. तिथले अपोफिलाइट या खनिजाचे हिरवे स्फटिक तिला नक्की दाखवा.