निंबावरचा पिंगळा आणि बागेतली वटवाघळं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दादा, यावल तालुक्यात शेत आहे आमचं. विहिरीजवळच्या निंबावर एक छोटं घुबड दिवसाढवळ्या बसलेलं असतं, माणूस दिसला की मान वरखाली करतं. मुलगा म्हणतो हाच तो ११३ वर्षांनी सापडलेला रानपिंगळा. खरं का?

उत्तर: भाऊ, वर्णनावरून हा साधा पिंगळा वाटतोय. गावाजवळ, विहिरीवरच्या झाडाच्या ढोलीत राहणारा, माणसाला बघून मान हलवणारा तोच. डोक्यावर आणि पाठीवर तांदूळ उधळल्यासारखे पांढरे ठिपके आहेत का ते मोबाईलमध्ये झूम करून बघा. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं असतं, डोकं आणि चोच शरीराच्या मानाने मोठी, छाती गडद तपकिरी आणि खाली पोट पांढरंशुभ्र, आणि शेपटी सारखी झटकत असतो. पण माझं ऐकाल तर ठिपक्यांच्या आधी जागा बघा, रानपिंगळा सातपुड्याच्या सागाच्या जंगलातला पक्षी आहे, यावल अभयारण्य, तोरणमाळ, तिकडचा.

आणि जागेचं महत्त्व किती ते याच पक्ष्याने जगाला शिकवलं. त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ चा होता. पुढे माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचा दावा केला, नंतर कळलं की तो म्युझियममधून चोरलेला जुनाच नमुना होता, लेबल फक्त खोटं. ते खोटं बाजूला ठेवून अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सोबती जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोधायला आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ त्यांना तो जिवंत दिसला! खान्देशाने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे, मुलाला नक्की सांगा, त्याला इतकं माहितीये याचंच मला फार कौतुक वाटलं. आणि घरात कोणी पिंगळ्याला अपशकुनी म्हणत असेल तर सांगा की तो रात्रभर तुमच्या शेतातले उंदीर आणि किडे खातो, ते झाड तोडू नका.

प्रश्न: पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरमागे डोकं-मान नारिंगी असलेले बगळे दिसतात, ही वेगळी जात का?

उत्तर: नाही ताई, गायबगळाच तो. विणीच्या दिवसांत नारिंगी होतो, नंतर परत पांढरा.

प्रश्न: केळीची बाग निसवली, म्हणजे केळफुलं बाहेर पडली, की रात्री वटवाघळं येतात. फटाके लावून हाकलतो. घड खराब करतात ना?

उत्तर: दादा, फटाके बंद करा, कळकळीने सांगतो. ती येतात केळफुलातला गोड रस प्यायला. आपल्या केळीत बी नसतं, परागीभवन झालं काय न झालं काय, घड तयार होतोच, आणि आपण तो कच्चा कापून गाडीत भरतो, वटवाघळाला लागतं पिकलेलं फळ, मग मोठं नुकसान होणार कशाचं? एखादा घड झाडावर पिकला तर तेवढा खातील. हीच वटवाघळं वड, पिंपळ, उंबराचं बी लांब लांब टाकतात, बांधावर न लावता उगवलेला उंबर बहुतेक वेळा त्यांनी नाहीतर पक्ष्यांनीच आणलेला असतो. एकच काळजी घ्या, त्यांनी अर्धवट खाल्लेलं फळ कुणी खाऊ नये, आणि खाली पडलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये, चावलं तर लगेच दवाखान्यात जा.

फोटो पाठवताना तारीख, वेळ, झाड कोणतं आणि गाव कोणतं एवढं लिहाच, फोटो अंधुक असला तरी चालेल.