लसूण-हळद खाद्यात घातली की अँटिबायोटिक बंद करता येईल का?

प्रश्न: डॉक्टरताई, नमस्कार. चिपळूणजवळ माझं दोन हजार पक्ष्यांचं शेड आहे, कंपनीचं नाही, पिल्लं-खाद्य सगळं स्वतःच आणतो. पिल्लं आली की पहिले काही दिवस पाण्यातून अँटिबायोटिक देतो, सगळेच देतात म्हणून. आता गुहागरचे हॉटेलवाले अँटिबायोटिक नसलेली कोंबडी मागतायत. लसूण, हळद, ओवा दिला की औषध लागतच नाही असं ऐकलं, खरं आहे का? आणि पावसाळ्यात रक्ती हगवण लागते तेव्हा काय करू?

उत्तर: दादा, आजार नसताना सवयीने देताय ते अँटिबायोटिक पुढच्या बॅचपासून बंदच करा, त्यासाठी लसूण-हळदीची वाट बघायची गरज नाही. थोडं थोडं औषध रोज पोटात गेलं की कच्चे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात, मग खरोखर ई. कोलाय या जंतूचा आजार आला की तेच औषध लागू पडत नाही, आणि हे चिवट जंतू कोंबडीतून माणसातही येतात. युरोपात वाढीसाठी अँटिबायोटिक द्यायला १ जानेवारी २००६ पासून बंदी आहे. आपल्याकडेही २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला बंदी आली, कारण माणसांसाठी ते अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध आहे.

आता वनस्पतींचं. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, लसणातलं अ‍ॅलिसिन हे जंतूंना मारतात हे खरंच आहे, पण ते प्रयोगशाळेतल्या बशीत, पक्ष्याच्या आतड्यात तेवढी मात्रा पोचतेच असं नाही. म्हणून काही प्रयोगांत वजन चांगलं वाढलेलं दिसतं, काहींत काहीच फरक नाही. माझं मत विचाराल तर निरोगी पक्ष्याचं पचन सुधारायला, खाणं टिकवायला हे जरूर द्या, आजारी पक्ष्याला औषध म्हणून नको. ५० किलोच्या पोत्याला हळद पावडर २५० ग्रॅम आणि सुक्या लसणाची पावडर २५० ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी अर्धा टक्का, एवढं पुरे. ओला लसूण वाटून खाद्यात कालवू नका, आपल्या दमट हवेत बुरशी धरते आणि बुरशीचं विष पक्ष्याची प्रतिकारशक्तीच खातं. पाण्यातून दिलात तर चोथ्याने पाणी प्यायचे निप्पल तुंबतात ते वेगळंच. आणि सगळ्या शेडला एकदम देऊ नका, मधे जाळी लावून अर्ध्या पक्ष्यांना द्या, अर्ध्यांना नुसतं खाद्य, दर आठवड्याला दोन्हीकडचे थोडे पक्षी वजन करा आणि खाद्य किती संपलं ते लिहा, म्हणजे तुमच्या शेडमध्ये पैसे वसूल होतात का ते तुम्हालाच कळेल.

रक्ती हगवण मात्र हळदीने बरी होत नाही हो. ती आयमेरिया नावाच्या परजीवीमुळे होते आणि त्याला ओलं लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेलं ओलं तूस लागतं, जे जुलैमध्ये आपल्याकडे फुकट मिळतं! मूठभर तूस हातात घेऊन दाबा, मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर लिटर ओलं, हलकेच सुटला तर ठीक. ओलं असेल तर ड्रिंकरखालचं काढून टाका, नवीन कोरडं तूस घाला, रोज खालीवर करा. पावसाच्या बाजूचे पडदे झडीपुरते खाली घ्या पण वरून हवा खेळती राहू दे, नाहीतर पडदे गच्च लावून अमोनिया कोंडतो आणि डोळे, श्वास सगळं बिघडतं. विहिरीचं पाणी गढूळ झालं की क्लोरीन टाकल्याशिवाय देऊ नका (लसीच्या दिवशी मात्र क्लोरीन नको). खरं सांगायचं तर पिल्लांची अर्धी दुखणी या पाण्यातून येतात आणि लोक औषधं बदलत बसतात.

एवढं करूनही विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून बसली तर त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकाला मेलेला पक्षी नेऊन दाखवा आणि ते देतील तो कोर्स पूर्ण करा. उपचार टाळून पक्षी तडफडवत ठेवणं म्हणजे अँटिबायोटिकमुक्त पालन नव्हे. उपचारात अँटिबायोटिक द्यावं लागलं तर औषधाच्या लेबलवर विक्रीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस थांबा आणि ती बॅच हॉटेलवाल्यांना न देता बाजारात नेहमीच्या भावाने विका. त्यांना हे आधीच स्पष्ट सांगून ठेवा.