मॉर्मोलिसी : लांडगी की मुखवटा?

‘मॉर्मोलिसी फायलोड्स ही भुंगेऱ्याची प्रजाती आहे’ असे लिहिणे योग्य आहे का, असा प्रश्न विचारला गेला आहे. योग्य नाही. मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘जाती’ सर्वांत खालची आणि अनेक जातींना सामावणारी ती ‘प्रजाती’ किंवा ‘वंश’. हिंदीत मात्र जातीलाच ‘प्रजाति’ म्हणतात, आणि आपली वृत्तपत्रे तो शब्द विचार न करता उचलतात. मॉर्मोलिसी ही प्रजाती, फायलोड्स ही तिच्यातील जाती.

या नावाची व्युत्पत्ती मात्र विलक्षण आहे. कीटकशास्त्रज्ञ हागेनबाख यांनी १८२५ मध्ये जावा बेटावरील या भुंगेऱ्याला नाव देताना ग्रीक ‘मोर्मोलुके’ हे एका काल्पनिक राक्षसिणीचे नाव घेतले. लहान मुलांना भिववण्यासाठी सांगितल्या जाणाऱ्या बागुलबुवांच्या यादीत भूगोलकार स्ट्रेबो याने तिला लामिया आणि गॉर्गन यांच्या शेजारी बसवले आहे. शब्दाच्या उत्तरार्धात ‘लांडगी’ आहे एवढे सांगून अनेक कोशकार थांबतात, आणि तेच मला मुळीच पटत नाही, कारण या कीटकात लांडग्यासारखे काहीही नाही. त्याच कुळातील ‘मोर्मोलुकेइऑन’ या शब्दाचा एक अर्थ नटाचा भयंकर मुखवटा असा होतो, आणि माझ्या मते नाव सार्थ ठरते ते या अर्थाने.

कीटक नीट पाहिला की हे ध्यानात येते. डोके लांबट व अरुंद, शृंगिका (डोक्यावरच्या स्पर्शमिशा) लांब, शरीर चपटे. परंतु पुढच्या पंखांच्या कवचांच्या कडा दोन्ही बाजूंना पानासारख्या इतक्या पसरलेल्या असतात की मूळची सडपातळ काया त्यांच्याआड दडते. ‘फायलोड्स’ म्हणजे ‘पानासारखा’, तो याचमुळे. ही पसरट कवचे हीच प्रजातीची ठळक खूण असून, त्यांच्यामुळेच इंग्रजीत त्याला व्हायोलिनचे नाव मिळाले. वर्गीकरणात तो कॅराबिडी कुलातील, लेबिइनी उपकुलातील भुंगेरा ठरतो. या कुलातील भुंगेऱ्यांना इंग्रजीत जमिनीवरचे भुंगेरे म्हणतात, परंतु मॉर्मोलिसी जमिनीवर क्वचितच रमतो. मलेशिया आणि इंडोनेशियाच्या वर्षावनांत खोडांवर फळीसारख्या वाढणाऱ्या कवकांच्या आसऱ्याला, सालीखालच्या फटींत तो राहतो, त्याच्या अळ्याही अशाच कवकांत वाढतात, आणि तेथे चपटेपणाच उपयोगी पडतो. आज या प्रजातीत पाच जाती मानल्या जातात. त्यांतील ‘क्वाड्रॅटिकॉलिस’ म्हणजे चौकोनी मानेची. ते नाव ज्याने दिले, त्याने कवचांपेक्षा डोक्यामागच्या, मानेसारख्या दिसणाऱ्या वक्षाकडे अधिक लक्ष दिले असावे, आणि जातींमधील भेद ओळखायचा तर नजर तेथेही न्यायला हवी.