टेंटेड लव्ह नक्की कोणाचं?

प्रश्न: ‘टेंटेड लव्ह’ हे सॉफ्ट सेल या ब्रिटिश पॉप जोडीचंच गाणं ना? मित्र म्हणतो त्यांनी ढापलंय, पैज लागलीये, जेवण पणाला आहे.

उत्तर: मित्राला जेवायला घाला, पण अर्धंच, कारण ढापलेलं नाहीये, रीतसर कव्हर आहे, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीनं पुन्हा गायलेलं. गाणं लिहिलं एड कॉबनं, आणि 1965 मध्ये ते गायलं अमेरिकेच्या ग्लोरिया जोन्सनं, तेही रेकॉर्डच्या बी साइडला, म्हणजे मागच्या बाजूला, त्यामुळे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मग 70च्या दशकात इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांमध्ये जुनी, पडलेली अमेरिकन सोल (कृष्णवर्णीय गायकांच्या शैलीतली) गाणी शोधून त्यावर रात्रभर नाचायचं वेड आलं, त्यात हे वर आलं. आणि 1981 मध्ये लीड्सच्या सॉफ्ट सेलनं ब्रास (ट्रम्पेटसारखी वाद्यं) काढून टाकलं, वेग कमी केला, नुसता सिंथ (सिंथेसायझर) ठेवला आणि ते दोन ठोके, टिंग टिंग, बस्स. ब्रिटनमध्ये नंबर वन, अमेरिकेच्या चार्टवर तब्बल 43 आठवडे!

गंमत पुढेच आहे. त्या सिंगलच्या मागच्या बाजूलाही त्यांनी सुप्रीम्स या अमेरिकन गायिकांच्या गटाच्या गाण्याचं कव्हरच टाकलं, स्वतःचं गाणं नाही, त्यामुळे एवढी विक्री होऊनही गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी दोन्ही बाजूंची दुसऱ्यांनाच. हा मूर्खपणा की भाबडेपणा, तुम्हीच ठरवा.

नंतर अमेरिकन रॉक गायक मॅरिलिन मॅन्सननं 2001 मध्ये गिटारवर बडवलं ते मला नाही झेपलं, पण 2006 ला रिहानाच्या ‘एसओएस’मध्ये तेच सिंथ ऐका, लगेच ओळखाल. ग्लोरियाबाईंचं मूळ गाणं मात्र जेवताना मित्राला ऐकवाच, ते सगळ्यात फास्ट आहे.