बाटलीवरची तारीख

कोथरूड, पुणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस तेव्हा पावसानं असा जोर धरला होता की चहा दोनदा झाला, तरी तुझा प्रश्न अर्धाच राहिला. निघताना दाराशी चपला घालत तू विचारलंस, "काकू, आपल्याकडे एवढं थोरियम आहे, मग त्यावर घरोघरी वीज का नाही?" मी घाईघाईनं काहीतरी सांगितलं. तू गणेशखिंडीच्या बसमध्ये बसलीस आणि मला रुखरुख लागून राहिली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या मुलीला याहून चांगलं उत्तर मिळायला हवं होतं.

आधी हे मनात पक्कं कर की थोरियम हे अजून इंधन झालेलं नाही. दूध आणि दही यांत जेवढं अंतर, तेवढंच थोरियम आणि इंधन यांत आहे. घरात दूध कितीही असो, विरजण नसेल तर दही लागत नाही. थोरियम-२३२ ला न्यूट्रॉन द्यावा लागतो, आणि तो देण्यासाठी आधी दुसरं कुठलं तरी विखंडनक्षम इंधन, म्हणजे न्यूट्रॉन लागताच ज्याचा अणू फुटून ऊर्जा आणि नवे न्यूट्रॉन देतो असं, जळत असावं लागतं. १९५४ साली डॉ. होमी भाभांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम मांडला, तो याच कारणासाठी. आधी नैसर्गिक युरेनियम जड पाण्याच्या अणुभट्टीत जाळून प्लुटोनियम मिळवायचं, ते द्रुतगती प्रजनक अणुभट्टीत वापरून तिथं थोरियमपासून युरेनियम-२३३ करायचं, आणि त्याचा पुरेसा साठा झाला की तिसरा टप्पा, म्हणजे थोरियम आणि युरेनियम-२३३ वर चालणाऱ्या अणुभट्ट्या. लोक तिसऱ्या टप्प्याबद्दल बोलतात आणि विरजणाला किती वर्षं लागतात ते विसरतात. तू विसरू नकोस.

न्यूट्रॉन मिळाला की थोरियम-२३३ तयार होतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा वेळ, जेमतेम बावीस मिनिटं. मग येतं प्रोटॅक्टिनियम-२३३, अर्धायुष्य २७ दिवस. त्यातून युरेनियम-२३३ होतं, आणि ते मात्र एक लाख एकोणसाठ हजार वर्षांच्या अर्धायुष्याचं.

हे युरेनियम हवंहवंसं का वाटतं, ते एका आकड्यात आहे. मंद न्यूट्रॉन गिळला की ते सरासरी सुमारे २.३ न्यूट्रॉन परत देतं. युरेनियम-२३५ देतं २.०७ आणि प्लुटोनियम-२३९ देतं २.१ च्या आसपास. त्यातला एक न्यूट्रॉन साखळी चालू ठेवायला लागतो, एक थोरियमला देऊन नवं युरेनियम-२३३ करायला लागतो. उरलेल्या ०.३ मध्ये सगळी गळती भागवायची. हिशेब अगदी काठावरचा, पण जमतो. अमेरिकेत शिपिंगपोर्ट इथं साध्या पाण्याच्या अणुभट्टीत १९७७ ते १९८२ असं थोरियम आणि युरेनियम-२३३ चं इंधन चालवलं. शेवटी मोजलं, तर विखंडनक्षम द्रव्य सुरुवातीपेक्षा एक टक्क्याहून थोडं जास्तच भरलं. एवढ्याशा वाढीसाठी लोकांनी पाच वर्षं अणुभट्टी चालवली, याचा मला अजूनही फार आदर वाटतो.

आता त्या २७ दिवसांकडे वळू, कारण खरी अडचण तिथून सुरू होते. प्रोटॅक्टिनियम अणुभट्टीत राहिलं आणि त्यानंच न्यूट्रॉन गिळला, तर दुहेरी नुकसान होतं. न्यूट्रॉन गेला आणि होऊ घातलेलं युरेनियम-२३३ ही गेलं. इंधन बाहेर काढलं तरी लगेच विरघळवून चालत नाही. प्रोटॅक्टिनियमचं पुरेसं रूपांतर व्हायला जवळजवळ वर्षभर थांबावं लागतं. शिवाय हे मूलद्रव्य काचेच्या भिंतींना चिकटून बसतं, द्रावणात नीट राहत नाही. थोरियम ऑक्साइडही हट्टी. ते वितळतं ३३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि नुसत्या नायट्रिक आम्लाला दाद देत नाही. थोडं फ्लोराइड घालावं लागतं. ते फ्लोराइड मग पोलादी भांडंच खायला लागतं, म्हणून त्याला आवरायला ॲल्युमिनियम नायट्रेट घालतात. भौतिकशास्त्राच्या वर्गात ही सगळी गोष्ट एका बाणानं दाखवतात. बाणाच्या त्या रेघेत आम्हा रसायनवाल्यांची आयुष्यं गेली.

आणि युरेनियम-२३२. याबद्दल मला सविस्तर सांगायचंय, कारण इथं मी स्वतः चुकले आहे.

थोरियमवर वेगवान न्यूट्रॉन आदळले की काही अणूंमधून एक घेऊन दोन न्यूट्रॉन बाहेर पडतात, आणि त्या वाटेनं शेवटी थोडंसं युरेनियम-२३२ तयार होतं. दशलक्षात काही भाग, कधी काही शे भाग. तेही युरेनियमच असल्यानं कुठल्याही रासायनिक रीतीनं ते २३३ पासून वेगळं होत नाही. त्याचं अर्धायुष्य ६९ वर्षं. त्याच्या वंशावळीत थोरियम-२२८ येतं आणि पार खाली थॅलियम-२०८, जे २.६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडतं. ग्लोव्हबॉक्सच्या, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीच्या, काचेचं त्याच्यापुढे काही चालत नाही.

मी नवीन होते तेव्हा युरेनियम-२३३ चा एक नमुना शुद्ध केला. शुद्ध करताना थोरियम-२२८ बाजूला निघून जातं, त्यामुळे त्या दिवशी किरणं मोजणाऱ्या मीटरचा काटा जवळजवळ हलला नाही. मी खुशीत आकडा लिहिला, बाटली कपाटात ठेवली आणि तारीख लिहायची विसरले. काही महिन्यांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं माझ्या आकड्यावर विसंबून ती बाटली काढली. मीटर त्यांच्या हातात होता म्हणून वेळ टळली. थोरियम-२२८ चं अर्धायुष्य १.९ वर्षं, म्हणजे पहिल्या वर्षातच त्याची क्रियाशीलता युरेनियम-२३२ च्या तीस टक्क्यांपर्यंत परत चढते, आणि पुढं आणखी चढत राहते. माझा आकडा खोटा नव्हता, फक्त तो एका दिवसापुरता होता. ते रागावले नाहीत. त्यांनी लेबल माझ्यापुढं सरकवलं आणि पेन दिलं. त्यानंतर कुठल्याही बाटलीवर तारीख लिहिल्याशिवाय माझा हात तिच्यावरून उठला नाही.

या किरणांमुळे इंधनाच्या गोळ्या जाड भिंतीआड, यांत्रिक हातांनी घडवाव्या लागतात. खर्च तिथं वाढतो आणि वेळही तिथंच जातो. युरेनियम-२३३ पासून अस्त्र होऊ शकतं, अमेरिकेनं १९५५ साली त्याची चाचणीही केली होती, म्हणून त्याचा मिलिग्रॅममिलिग्रॅमचा हिशेब ठेवावा लागतो. हेही तुझ्या कामाचा भाग असेल, आणि ते कंटाळवाणं समजू नकोस.

तरीही माझं या द्रव्यावर प्रेम आहे. कल्पाक्कमला 'कामिनी' नावाची छोटी अणुभट्टी १९९६ मध्ये सुरू झाली, फक्त ३० किलोवॅटची, सुमारे सहाशे ग्रॅम युरेनियम-२३३ वर चालणारी. तिच्या न्यूट्रॉनांनी अग्निबाणांतल्या स्फोटक सुट्या भागांची छायाचित्रं काढतात. क्ष-किरण धातूपाशी अडतात, न्यूट्रॉन धातू पार करून आतल्या हायड्रोजनयुक्त स्फोटकाची जागा दाखवतात. आणि औषधाचं बघ. युरेनियम-२३३ हळूहळू थोरियम-२२९ होतं, त्यातून दहा दिवसांच्या अर्धायुष्याचं ॲक्टिनियम-२२५ मिळतं. ते अल्फा कण सोडतं, आणि ते कण काही पेशींच्या पलीकडे जात नाहीत. कर्करोगाच्या पेशीला चिकटणाऱ्या रेणूवर ते बसवलं तर मार नेमका तिथंच बसतो. अमेरिकेत ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत युरेनियम-२३३ च्या जुन्या साठ्यातून हे थोरियम-२२९ काढलं. वीज करायला म्हणून जपलेली वस्तू रुग्णाच्या कामी आली, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

तुला अणुभट्टीचं आरेखन शिकायचंय, असं तू म्हणालीस. जरूर शीक. पण तुझा हात प्रयोगशाळेत चांगला चालतो, आणि या विषयात माणसांची खरी चणचण विलगीकरणाच्या रसायनात आणि दूरहाताळणीत आहे. पीएच.डी.साठी अर्ज करशील तेव्हा द्रावक निष्कर्षण, ॲक्टिनाइडांचं रसायन, गॅमा वर्णपटमापन, हे शब्द जिथं दिसतील तिथं आधी कर. प्रसिद्धी कमी मिळेल. प्रश्न मात्र पुष्कळ मिळतील आणि त्यांतले बरेचसे सुटण्यासारखे आहेत.

पुढच्या रविवारी येताना एक गणित करून आण. एक ग्रॅम युरेनियम-२३३ घे, त्यात दशलक्षात शंभर भाग युरेनियम-२३२, आणि शुद्धीकरणाचा दिवस शून्य धर. एक महिना, सहा महिने, एक वर्ष, दहा वर्षं, असं थोरियम-२२८ किती वाढतं ते काढ. आलेख संगणकावर नको, हातानं आलेखकागदावर काढ. कागद मिळाला नाही तर अप्पा बळवंत चौकात बघ, तिथं नक्की मिळेल.

तुझी,
काकू